पिरोग म्हणजे काय? कोबीचं सारण भरलेला हा रशियन पाय घरी कसा भाजतात?

आंबवलेल्या मैद्याची जाडसर पारी, आत कोबी-अंड्याचं सारण आणि वर सोनेरी, चकाकणारं कवच. 'पिरोग' नावाचा हा पदार्थ रशियन घरांमध्ये पिढ्यानपिढ्या भाजला जातो. त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू महाराष्ट्रातल्या बाजारात मिळते, अगदी शेपूसकट. तरीही पहिल्यांदा करणाऱ्यांचा पिरोग बऱ्याचदा एकाच ठिकाणी फसतो: वरून छान भाजलेला दिसतो, पण कापल्यावर तळ कच्चा आणि चिकट निघतो.

दोष ओव्हनला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन गोष्टी त्याआधीच चुकलेल्या असतात. सारणात पाणी राहिलेलं असतं आणि पिठाला हवा तेवढा वेळ दिलेला नसतो. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर बाकीची कृती अवघड नाही.

पिरोग नेमका कशाला म्हणतात?

रशियन भाषेत 'पिरोग' हा सारण भरून भाजलेल्या पदार्थाचा सर्वसाधारण शब्द आहे. हा शब्द 'पिर' म्हणजे मेजवानी या शब्दाशी जोडला जातो. पिरोग गोड असतो तसा तिखट-मिठाचाही असतो. कोबी, बटाटा, मशरूम, मासे, मांस, कांदा-अंडं, भात अशी कितीतरी सारणं त्यात भरली जातात. पीठ बहुतेक वेळा यीस्ट घालून आंबवलेलं असतं.

आकार आणि सारण बदललं की नावही बदलतं. हातात मावणाऱ्या छोट्या पिरोगांना 'पिरोझकी' म्हणतात. मधोमध उघडं तोंड ठेवलेला 'रास्तेगाय', चिकन भरलेला आणि लग्नात मान असलेला 'कुर्निक', तर एकावर एक सारणांचे थर दिलेला लांबट 'कुलेब्याका'. निकोलाय गोगोलच्या 'डेड सोल्स' या कादंबरीच्या दुसऱ्या भागात एक खवय्या जमीनदार आपल्या स्वयंपाक्याला चार कोपऱ्यांत वेगवेगळी सारणं असलेला कुलेब्याका करायला सांगतो. फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कॉफिए यांच्या १९०३ च्या 'ल गीद क्युलिनेर' या ग्रंथातही कुलेब्याकाला जागा मिळाली आणि तो युरोपभरच्या हॉटेलांत पोहोचला.

घरोघरी मात्र साधा चौकोनी पिरोगच चालत राहिला. घराची शोभा त्याच्या कोपऱ्यांत नसते, पिरोगांत असते, अशा अर्थाची एक म्हण रशियात आहे. पाहुणे येणार, कुणाचा नामदिन आहे किंवा सण आहे, की पिरोग होतो. येलेना मोलोखोवेत्स यांचं १८६१ साली आलेलं गृहिणींसाठीचं गाजलेलं पाकपुस्तक असो, की १९३९ सालचं सोव्हिएत काळातलं 'रुचकर आणि आरोग्यदायी अन्नाचं पुस्तक' असो, पिरोगांशिवाय ती पूर्ण झाली नाहीत.

कोबीचा पिरोग त्यातला सर्वांत परवडणारा. रशियातल्या लांब हिवाळ्यात कोबी टिकतो. ताजा नसेल तर खारवून आंबवलेला कोबी वापरतात. स्वस्त भाजीतून सणाचं ताट सजवणं ही या पदार्थाची खरी ओळख.

काय काय लागतं?

साधारण ३० × २२ सेंटीमीटरच्या ट्रेसाठी, आठ ते दहा जणांना पुरेल असं प्रमाण:

पिठासाठी
- मैदा ५०० ग्रॅम
- इन्स्टंट ड्राय यीस्ट ७ ग्रॅम (सुमारे सव्वादोन चहाचे चमचे)
- कोमट दूध २५० मिली
- अंडं १
- मऊ बटर ७० ग्रॅम
- साखर २० ग्रॅम
- मीठ ८ ग्रॅम (साधारण दीड चहाचा चमचा)

सारणासाठी
- कोबी १ किलो
- मोठा कांदा १
- बटर ५० ग्रॅम
- उकडलेली अंडी ४
- शेपू मूठभर
- मीठ आणि मिरपूड चवीप्रमाणे

वरून लावायला एका अंड्याचा बलक आणि चमचाभर दूध.

शेपूला रशियन भाषेत 'उक्रोप' म्हणतात आणि तिथल्या स्वयंपाकात तो आपल्या कोथिंबिरीसारखा सढळ हातानं वापरला जातो. भारतात मिळणाऱ्या शेपूचा वास जास्त उग्र असतो, म्हणून तो थोडा कमी घेतलेला चालतो.

आधी सारण का करायचं?

पीठ मळून ठेवू आणि ते फुगेपर्यंत सारण करू, असा हिशोब सोयीचा वाटतो. पण सारण भरताना पूर्ण गार असावं लागतं. गरम सारणामुळे पारीतलं बटर वितळतं, पीठ सैल पडतं आणि तळाशी ओल धरते. म्हणून सारण आधी करावं, निदान पीठ मळण्याच्या तासभर आधी.

कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. भाजताना हे पाणी सुटलं, तर ते बाहेर जाऊ शकत नाही आणि खालच्या पारीत मुरतं. पाणी पिऊन बसलेलं पीठ कितीही वेळ भाजलं तरी पावासारखं होत नाही, ते खळीसारखं राहतं. पुरणपोळी करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पुरण सैल राहिलं की पोळी फुटते, तसंच इथेही आहे.

कृती अशी: पसरट कढईत बटर गरम करून बारीक चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा. मग बारीक, लांब चिरलेला कोबी घालावा. पहिली पाच मिनिटं झाकण ठेवून तो मऊ होऊ द्यावा. नंतर झाकण काढून मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं परतत राहावं. मीठ मध्यावर घालावं, म्हणजे सुटलेलं पाणी आटायला वेळ मिळतो. अगदी शेवटी घातलेलं मीठ कढईबाहेर पाणी सोडत राहतं.

सारण तयार झालं की नाही, हे ओळखायची साधी खूण आहे. कोबी कढईच्या एका बाजूला सारून डावानं दाबावा आणि कढई तिरकी करावी. पाण्याचा ओघळ आला, तर अजून आटवावं. फक्त बटरची चमक दिसली, तर गॅस बंद करावा. सारण ताटात पसरून गार करावं. पूर्ण गार झाल्यावरच त्यात चिरलेली उकडलेली अंडी, शेपू आणि मिरपूड मिसळावी. चव आताच पाहावी आणि सारण किंचित खारट वाटेल इतपत ठेवावं, कारण पारीची चव सौम्य असते.

सारणाच्या ओलीची ही काळजी जुनीच आहे. कुलेब्याकात माशासारख्या रसदार सारणांच्या थरांमध्ये पातळ धिरड्यांसारखे 'ब्लिनी' घालण्याची पद्धत होती. एका थराचा रस दुसऱ्यात आणि तळाच्या पारीत उतरू नये, हा त्यामागचा हेतू. घरच्या पिरोगात हेच काम चमचाभर ब्रेडचा चुरा किंवा मूठभर मोकळा भात करतो. तळाच्या पारीवर तो पसरला, तर उरलीसुरली ओल शोषली जाते.

पिठात यीस्ट काय करतं?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल तयार करते. मैद्यातली प्रथिनं पाण्यासोबत मळली, की ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. वायूचे बुडबुडे या जाळ्यात अडकतात आणि पीठ फुगतं. मळणं कमी पडलं, तर जाळं कमकुवत राहतं. मग वायू निसटतो आणि पिरोग दडस होतो.

इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. 'ॲक्टिव्ह ड्राय' प्रकारचं यीस्ट मात्र आधी कोमट दुधात चिमूटभर साखरेसोबत दहा मिनिटं ठेवावं. वर फेस आला नाही, तर यीस्ट जुनं झालं आहे असं समजून ते वापरू नये. दहा मिनिटांची ही परीक्षा पुढचे तीन तास आणि अर्धा किलो मैदा वाचवते.

दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच असावं. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला यीस्ट मरतं. उकळून नुकतंच उतरवलेलं दूध घालणं ही पीठ न फुगण्यामागची नेहमीची चूक आहे.

मैदा, यीस्ट, साखर एकत्र करून त्यात दूध आणि फेटलेलं अंडं घालावं. पीठ गोळा होऊ लागलं की मीठ आणि शेवटी बटर घालावं. बटर सुरुवातीलाच घातलं तर ते पिठाच्या कणांवर थर धरतं आणि ग्लुटेन तयार व्हायला वेळ लागतो. हातानं दहा ते बारा मिनिटं मळावं. सुरुवातीला पीठ हाताला चिकटतं. लगेच वरून मैदा घालत गेलं, तर ते घट्ट होतं आणि भाजल्यावर कोरडं पडतं. मळत राहिलं की चिकटपणा आपोआप कमी होतो. तयार पीठ पोळीच्या कणकेपेक्षा मऊ असावं.

जुन्या पद्धतीत आधी 'ओपारा' करतात. दूध, यीस्ट आणि निम्मा मैदा एवढंच कालवून ते फुगू देतात आणि मग बाकीचं साहित्य घालून मळतात. भरपूर बटर, अंडी आणि साखर असलेल्या पिठात यीस्टचं काम मंदावतं, म्हणून त्याला अशी आधी संधी दिली जाते. वरच्या प्रमाणात बटर आणि साखर बेताची आहे, त्यामुळे ओपाऱ्याशिवायही चालतं.

किती वेळ फुगू द्यावं?

पाककृतीत लिहिलेला वेळ इथे फसवा ठरतो. पिठाचं फुगणं खोलीच्या तापमानावर अवलंबून असतं. २४-२५ अंशांच्या खोलीत तास-सव्वा तास लागतो. मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या स्वयंपाकघरात तेच पीठ पाऊण तासातही दुप्पट होऊ शकतं, तर महाबळेश्वरच्या थंडीत दोन तास लागू शकतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावं.

दोन खुणा पुरेशा आहेत. पहिली म्हणजे पीठ दुप्पट झालेलं असावं. भांड्याला बाहेरून खूण केली, तर हे नीट कळतं. दुसरी, ओलं बोट पिठात खुपसून काढावं. खड्डा लगेच भरून आला, तर अजून थांबावं. सावकाश आणि अर्धवट भरला, तर पीठ तयार आहे. खड्ड्याभोवतीचं सगळं पीठ खाली बसलं, तर ते जास्त आंबलं आहे. असं पीठ हलक्या हातानं पुन्हा मळून थोडा वेळ ठेवावं आणि लगेच वापरावं.

उन्हाळ्यात पीठ हाताबाहेर जात असेल, तर झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवता येतं. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि चवही सुधारते.

भरणं आणि मुरडणं

फुगलेलं पीठ हलकेच दाबून त्यातली हवा काढावी आणि दोन भाग करावेत. एक थोडा मोठा, एक लहान. मोठा भाग तळासाठी ट्रेपेक्षा सर्व बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर मोठा आणि साधारण पाच मिलिमीटर जाड लाटावा. लाटताना पीठ मागे आक्रसत असेल, तर ओढाताण न करता दहा मिनिटं झाकून ठेवावं. ताणलेलं ग्लुटेन सैल पडतं आणि पीठ ऐकू लागतं.

बटर लावलेल्या ट्रेमध्ये ही पारी अंथरून त्यावर सारण एकसारखं पसरावं. कडेला दोन सेंटीमीटर जागा मोकळी सोडावी. सारण मध्यभागी ढिगासारखं ठेवलं, तर तिथली पारी कच्ची राहते. वरून दुसरी पारी घालून कडा चिमटीनं घट्ट जुळवाव्यात. करंजीला घालतो तशी मुरड इथे उत्तम बसते. कडेला सारणाचं तूप-बटर लागलं, तर पारी चिकटत नाही आणि भाजताना उघडते. म्हणून कड कोरडी ठेवावी. उरलेल्या पिठाची पानं, वेण्या करून वर चिकटवण्याची रशियन घरांमध्ये पद्धत आहे.

वरच्या पारीला मध्यभागी एक आणि आजूबाजूला तीन-चार छोटी छिद्रं पाडावीत. आतली वाफ तिथून निघते. छिद्रं नसतील, तर वाफ वरच्या पारीला उचलते आणि सारणावर पोकळी तयार होते, नाहीतर कड फाटते.

भाजताना

भरलेला पिरोग फडक्यानं झाकून २० ते ३० मिनिटं पुन्हा फुगू द्यावा. ही पायरी वगळली, तर पारी ओव्हनमध्ये एकदम फुगते आणि फाटते. तोवर ओव्हन १८० अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं तापवावा. भाजायला ठेवण्याच्या अगदी आधी बलक-दुधाचा हात ब्रशनं हलकेच फिरवावा.

ट्रे ओव्हनच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवावा, म्हणजे तळाला पुरेशी उष्णता मिळते. घरगुती ओटीजीमध्ये पहिली १५ मिनिटं फक्त खालची कॉइल आणि नंतर दोन्ही कॉइल चालू ठेवल्या, तर तळ नीट भाजतो. एकूण ३५ ते ४० मिनिटं लागतात. वरचा भाग आधीच लाल झाला, तर त्यावर ॲल्युमिनियम फॉइल सैल झाकावं.

पूर्वी पिरोग विटांच्या मोठ्या रशियन चुलीत भाजला जाई. आत लाकडं जाळून, निखारे बाजूला सारून, तापलेल्या विटांच्या उतरत्या उष्णतेवर तो भाजत असे. चुलीत चिमूटभर पीठ टाकून उष्णतेचा अंदाज घेत. पीठ लगेच काळं पडलं, तर चूल जास्त तापलेली आणि सावकाश तांबूस झालं, तर योग्य.

पिरोग झाला की नाही, हे वरच्या रंगावरून ठरवू नये. उलथन्यानं एक कोपरा उचलून तळ पाहावा. तो तांबूस आणि कोरडा असायला हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल, तर मधोमध साधारण ९० अंश दिसले पाहिजेत.

बाहेर काढल्यावर वरून थोडं बटर फिरवून स्वच्छ सुती फडक्यानं झाकावं. कवच मऊ होतं. अर्धा तास तरी कापू नये. गरम असताना कापलं, तर आतला भाग सुरीला चिकटतो आणि नीट भाजलेला पिरोगही कच्चा वाटतो. ट्रेमध्येच ठेवला तर तळाशी वाफ धरते, म्हणून दहा मिनिटांनी जाळीवर काढावा.

फसलं, तर कारण कुठे शोधायचं?

- तळ कच्चा आणि चिकट: सारण ओलं किंवा गरम होतं, नाहीतर ट्रे ओव्हनमध्ये वर ठेवला गेला.
- पीठ फुगलंच नाही: यीस्ट जुनं किंवा दूध फार गरम.
- पारी दडस: मळणं किंवा फुगण्याचा वेळ कमी पडला.
- आंबट वास आणि बसकी पारी: पीठ जास्त वेळ उबेत राहिलं.
- कड उघडली: मुरड घालताना कडेला बटर लागलेलं होतं किंवा वाफेला छिद्रं नव्हती.
- वरून कोरडा: मळताना मैदा जास्त गेला.

अंडं न खाणाऱ्यांसाठी काय?

यासाठी वेगळी तडजोड शोधावी लागत नाही. रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपवासाचे मोठे काळ असतात. त्या दिवसांत मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात, म्हणून पूर्णपणे शाकाहारी पिरोगांची परंपरा तिथे आधीपासूनच आहे. ५०० ग्रॅम मैद्यासाठी सुमारे २८० मिली कोमट पाणी आणि ५० ते ६० मिली तेल घ्यावं. यीस्ट, साखर, मीठ तेवढंच. कोबी तेलात परतून त्यात अंड्याऐवजी परतलेले मशरूम किंवा मोकळा भात घालावा. बटाटा-कांद्याचं सारणही चालतं. बलकाऐवजी वरून कडक, गोड, बिनदुधाचा चहा ब्रशनं लावतात. त्यातल्या साखरेमुळे आणि रंगामुळे कवच तांबूस होतं.

ओव्हन नसेल तर?

याच पिठाच्या आणि सारणाच्या पिरोझकी तळता येतात. रशियात तळलेल्या पिरोझकी घरी होतात तशा रस्त्यावरही विकल्या जातात. लिंबाएवढा उंडा घेऊन हातानं थापावा, चमचाभर सारण भरून कड बंद करावी आणि १५ मिनिटं ठेवून मध्यम आचेवर, कड खाली ठेवून तळावं. तेल फार तापलं असेल, तर बाहेरून लाल आणि आत कच्ची, अशी गत होते.

किती दिवस टिकतो?

सारणात अंडं आणि ओलसर भाजी असल्यामुळे पिरोग उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात तो दोन-तीन दिवस चांगला राहतो. खाण्याआधी १६० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं किंवा झाकण ठेवून मंद तव्यावर गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते.

सगळं मिळून साडेतीन ते चार तास लागतात. त्यातलं हाताचं काम तासाभराचं असतं, बाकीचा वेळ पीठ फुगण्यात, सारण गार होण्यात आणि पिरोग भाजण्यात जातो. संध्याकाळी सात वाजता पाहुणे येणार असतील, तर कोबी दुपारी तीनला चिरायला घ्यावा. म्हणजे पिरोग पावणेसातच्या सुमारास फडक्याखाली निवत असेल.